चौदा पाखरांची ऊब

१

जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला आमच्याकडची वीज गेली. सकाळपासून बर्फ पडत होता. दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरातल्या आमच्या मोल्टेनोत जुलै म्हणजे ऐन हिवाळा, तेव्हा बर्फ नवा नाही, पण एरवी तो येतो, जरा पांढरं करतो आणि वितळून जातो. या वेळी तो बसला. तारांवर साचला आणि डोंगरात कुठेतरी विजेच्या खांबांची ओळच्या ओळ आडवी झाली. खिंडीतला रस्ताही बंद झाला. चार दिवस तरी धरून चाला, असं कुणीतरी फाटकावरून सांगून गेलं.

मला स्वतःची काळजी नव्हती. तीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत कारकून होते आणि त्या कचेरीत हिवाळ्यात शाई गोठायची. काळजी होती सिसीची. सिसी म्हणजे माझी थोरली बहीण, नोंदुमिसो. वय एकाहत्तर, छाती अधू, आणि जीव सगळा मागच्या खोलीतल्या पिंजऱ्यात. त्या पिंजऱ्यात चौदा कॉकटील होते, पोपटाच्या जातीची छोटी पाखरं. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. पिंजरा माझ्या उंचीचा, अर्धी खोली व्यापणारा. रोज सकाळी त्यांची किलबिल सुरू झाली की सिसी म्हणायची, "चला, शाळा भरली."

"रॉकेलचा हीटर ठेवू का तिथे?" मी विचारलं.

"ठेव. म्हणजे संध्याकाळी चौदा खड्डे खणायचं काम मिळेल तुला." सिसीनं शालीतून तोंड बाहेर काढलं. "धूर नको त्यांना. अगदी वाससुद्धा नको. विटा तापव."

मग मी विटा तापवल्या. स्वयंपाकघरात कोळशाची जुनी चूल होती, तिच्या भट्टीत एका वेळी सहा विटा मावायच्या. तापलेली वीट जुन्या लोकरीत गुंडाळायची आणि पिंजऱ्याच्या तळाशी सरकवायची. वरून तीन ब्लँकेटं टाकायची आणि हवेसाठी एका कोपऱ्यात वीतभर फट ठेवायची. दर तीन तासांनी विटा बदलायच्या. खायला राळ्याची कणसं जास्त, प्यायला कोमट पाणी. पिंजऱ्यात सिसीनं टांगलेला थर्मामीटर होता. पारा अठराच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं तिनं मला बजावलं.

"आणि लिहून ठेव," ती म्हणाली. "तुला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, मला माहीत आहे."

मी वही काढली. दुपारी चार, वीस अंश. सात वाजता, एकोणीस.

२

सोमवारी सकाळी मी उशिरा उठले. चारला विटा बदलायच्या होत्या आणि खिडकीत चांगलं उजाडलं होतं. चूल विझली होती. बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता.

मी अनवाणीच मागच्या खोलीकडे धावले. दार उघडलं तर तोंडातून वाफ निघाली. पिंजऱ्याच्या तळाशी हात घातला, विटा थडग्याच्या दगडासारख्या गार. आता सिसीला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता. मेलेलं पाखरू चाचपायच्या तयारीनं मी ब्लँकेटाच्या फटीतून हात आत सारला.

आत ऊब होती.

थोडीथोडकी नाही. पाव भाजून झाल्यावर भट्टीचं दार उघडावं तशी, ओलसर, दाट. मी थर्मामीटर बाहेर ओढून उजेडात धरला. एकोणतीस.

मी विटांना पुन्हा हात लावला. पुन्हा गार. खिडकी बंद होती, काचेवर आतून बर्फाची नक्षी होती. मी स्वतःला सांगितलं की चौदा जीव एकत्र बसलेत, वर तीन ब्लँकेटं आहेत, साठली असेल ऊब. शाळेत साठ पोरं एका वर्गात बसली की खिडक्या उघडाव्या लागायच्या. तसंच हे.

मी वहीत लिहिलं, सकाळी साडेसात, एकोणतीस. विटांच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून तो रिकामा सोडला.

सिसीला मी सांगितलं तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"बघ," ती म्हणाली, "तू उगीच धावपळ करतेस."

३

त्या दिवशी मी मुद्दाम विटा ठेवल्या नाहीत. दर तासाला जाऊन पारा बघत होते. एकोणतीस. तीस. तीस.

पाखरं जिवंत होती, खात होती, पण त्यांचा आवाज नव्हता. कॉकटील गप्प बसत नाहीत. ते शिट्ट्या मारतात, भांडतात, दांडीवर चोच घासतात. दुपारी मी ब्लँकेटाचा कोपरा जरा उचलून पाहिलं. चौदाही जण एकाच दांडीवर, मागच्या बाजूला, एका ओळीत बसले होते. गारठलेलं पाखरू पिसं फुलवून गोळा होतं. यांची पिसं फुललेली नव्हती. उलट एका बाजूनं चपटी झाली होती, तुरेसुद्धा आडवे दबले होते, जसे काही ते सगळे कशाला तरी रेलून बसले होते. पण त्यांच्यामागे पिंजऱ्याच्या गजांपर्यंत हातभर जागा मोकळी होती.

मी कोपरा खाली सोडला. आणि तेव्हा मला तो श्वास ऐकू आला.

आधी वाटलं माझाच. मी माझा रोखून धरला. तो चालू राहिला. खूप सावकाश, आत, मग बराच वेळ काही नाही, मग बाहेर. पाखराचा श्वास असा नसतो. गायीचा असतो कदाचित. मी छपरावरचा बर्फ सरकतोय असं ठरवलं आणि बाहेर आले.

संध्याकाळी ऊम फ्लोरिस, म्हणजे आमचा फ्लोरिसकाका, कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन आला. समोरच्या घरात राहणारा हा डच वंशाचा म्हातारा बोअर चाळीस वर्षं रेल्वेत होता आणि तितकीच वर्षं त्यानं कबुतरं पाळली होती. आम्हा बहिणींशी त्याचं रोजचं भांडण आणि रोजची देवघेव.

"जिवंत आहात का दोघी? का मीच सगळं रडायचं?" त्यानं बूट आपटत विचारलं.

"तुझ्या रडण्याला कोण येतंय, ऊम," सिसी आतून म्हणाली.

मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि काही न सांगता म्हटलं, हात घालून बघ. त्यानं हातमोजा काढला, फटीतून हात आत घातला आणि तसाच थांबला. मग हळूहळू, कुत्र्याच्या तोंडातून काढावा तसा, बाहेर काढला. हात पँटला पुसला.

"आत काय ठेवलंयस?"

"पाखरं."

"पाखरं नाही विचारली मी." त्यानं आवाज उतरवला. "कोंबडी अंड्यांवर बसली की तिच्या पोटाखाली हात घातलायस कधी? तशी ऊब आहे ही. कोंबडी उबवायला बसते तेव्हा छातीची पिसं उपटून काढते. उघड्या कातडीनं टेकते. म्हणून ती ऊब वेगळी असते, ओलसर. चौदा चिमण्यांएवढी पाखरं ही ऊब काढू शकत नाहीत, झोलेका."

"मग?"

"मला नाही माहीत. मी आगगाड्या चालवायचो." त्यानं हातमोजा चढवला. "तुझी बहीण अशी पांढरी का दिसतेय?"

४

मी सकाळपासून पिंजरा बघत होते, सिसीकडे नीट पाहिलंच नव्हतं.

तिच्या पायाशी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी मी उचलली. तासाभरापूर्वी उकळतं पाणी भरलं होतं. आता ती नळाच्या पाण्याइतकी गार होती. मी दुसरी भरून दिली. अर्ध्या तासानं ती गार. चहा तिच्या हातात दिला की दोन घोटांत निवायचा. माझ्या हातातला त्याच चहाचा कप वाफाळत असायचा. मी तिची खाट स्वयंपाकघरात चुलीजवळ ओढून आणली. चुलीचं लोखंड लाल झालं होतं, माझ्या गालाला चटका बसत होता आणि सिसीचे हात मात्र विहिरीतून काढल्यासारखे होते.

"सिसी, तुला थंडी वाजतेय."

"नाही गं. छान वाटतंय."

तापाचा थर्मामीटर तिच्या काखेत लावला. साडेचौतीस. मंगळवारी सकाळी चौतीस. पिंजऱ्यात बत्तीस. मंगळवारी दुपारी सिसी साडेतेहतीस, पिंजरा चौतीस.

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले होते. लिहिताना काही वाटलं नाही. वाचताना दिसलं, एक उतरत होता तसा दुसरा चढत होता. तीस वर्षं मी आकडे जुळवलेत, आणि आकडे योगायोगानंही जुळतात हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हातारीचं अंग थंडीत गार पडतं. बंद पिंजऱ्यात ऊब साठते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या. मी हे मोठ्यानं म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरात ते पटण्यासारखं वाटलं. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून पुन्हा म्हटलं, तिथे नाही पटलं.

ऊम फ्लोरिस दुपारी ढकलगाडी घेऊन आला. "हिला माझ्याकडे नेऊ. माझ्याकडे मोठी शेकोटी आहे, आणि माझा दमेकरी कुत्रा आहे, दोघांना एकमेकांची सोबत होईल."

सिसी हसली, पण हसताना तिच्या तोंडातून वाफ आली नाही. माझ्या येत होती, ऊमच्या येत होती.

"मी नाही येत," ती म्हणाली. "मी गेले तर त्यांचं काय?"

"पाखरंही नेऊ."

"पाखरांना हलवायचं नाही. आता बसलंय कुणीतरी त्यांच्यावर. बसू दे."

ऊमनं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "कोण बसलंय, सिसी?"

"तू बघू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि लहानपणी मला झोपवताना थोपटायची तसं माझ्या मनगटावर थोपटलं. तिची बोटं जिथे लागली तिथे माझी कातडी दुखली.

आम्ही तिला जबरदस्तीनं उचलायला गेलो. ती वजनाला काहीच नव्हती. पण दारापर्यंत नेली तशी तिचा श्वास अडकला, ओठ काळे पडले, आणि आम्हाला ती परत खाटेवर ठेवावी लागली. ठेवल्यावर श्वास लागला. ऊम भिंतीला टेकून उभा राहिला.

"बुधवारपर्यंत ही राहणार नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "दवाखान्याची गाडी खिंडीपलीकडे अडकलीय. झोलेका, काय करायचं ते तू ठरव. त्या खोलीत मी पुन्हा यायचा नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही यायचा."

५

बुधवारी सकाळी दहा वाजता सिसी बत्तीस होती. हाक मारली तर डोळे उघडायची, पण माझ्याकडे बघायची नाही, मागच्या खोलीच्या भिंतीकडे बघायची.

मी त्या खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. बर्फावरचा उजेड खिडकीतून येऊन खोली दवाखान्यासारखी पांढरी झाली होती. भीती वाटावी असं काही नव्हतं. पिंजरा, ब्लँकेटं, राळ्याचा कोंडा. आणि तो श्वास. आता तो लपत नव्हता. त्याच्याबरोबर ब्लँकेटं वर जात होती आणि खाली येत होती.

ही पाखरं मीही वाढवली होती. त्यातल्या तिघांना मी चमच्यानं भरवलं होतं. सगळ्यात धाकटी मादी रोज माझ्या चष्म्याची दांडी ओढायची. मी काय करणार आहे हे मला माहीत होतं, आणि ते कुणी माझ्याकडून करून घेत नव्हतं, हेही.

मी आधी खिडकी सताड उघडली. वारा आत आला. मग ब्लँकेटांची टोकं धरली आणि तिन्ही एकदम ओढली.

मी बघितलं. सिसीनं नको म्हटलं होतं, पण डोळे मिटायला वेळच मिळाला नाही. पाखरांच्या मागे, जिथे दोन दिवसांपूर्वी मोकळी जागा होती, तिथे कातडी होती. पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, फिकी, सुरकुतलेली, उपटलेल्या पिसांच्या खळग्यांनी भरलेली. गजांच्या फटींतून ती बाहेर फुगली होती. पाखरं तिच्यात अर्धी रुतून बसली होती. त्यांचे डोळे मिटलेले, चेहरे सुखाचे. कातडी श्वासाबरोबर वर आली, थांबली. ती जे काही होती ते पिंजऱ्यात मावणारं नव्हतं. मला दिसत होती ती फक्त टेकलेली बाजू. बाकीचं कुठे होतं ते मी वर बघितलं असतं तर कळलं असतं. मी वर बघितलं नाही.

मग वारा पिंजऱ्यातून गेला आणि तिथे कातडी नव्हती, फक्त मागची भिंत होती.

ऊब माझ्या अंगावरून गेली. अगदी जवळून, गालाला घासून. लावलेल्या दाराकडे गेली आणि कडी न हलता खोली गार पडली.

६

पाखरं अर्ध्या तासात गेली. मी ब्लँकेटं पुन्हा टाकली, खिडकी लावली, विटा आणल्या. धाकटीला माझ्या पोलक्यात, अंगाला लावून धरलं. काही उपयोग झाला नाही. बाकीची पाखरं एकामागून एक दांडीवरून पडली, आवाज न करता, आणि धाकटी माझ्या हातात गेली. मरताना तिनं मान वळवून मागे बघितलं, भिंतीकडे.

मी स्वयंपाकघरात आले. सिसी गाढ झोपली होती. गाल गुलाबी, कपाळावर घामाचे थेंब. थर्मामीटर लावला. सदतीस. तिची गोधडी मी जरा खाली सरकवू पाहिली, घाम येतोय म्हणून. झोपेतच तिनं ती घट्ट धरून ठेवली.

मी चुलीशी बसून रडले. पाखरांसाठी रडले आणि सुटलो म्हणूनही. सुटलो असंच मला वाटलं होतं.

जमीन गोठलेली होती, खणता येईना. ऊम फ्लोरिसनं राखेच्या ढिगात जागा केली आणि आम्ही चौदाही तिथे ठेवले. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

गुरुवारी दुपारी वीज आली. शुक्रवारी खिंड मोकळी झाली आणि दवाखान्यातली नर्स येऊन गेली. तिनं सिसीला तपासलं, छाती ऐकली, नळी कानातून काढून पुन्हा घातली, पुन्हा ऐकली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "छाती तर पूर्वीपेक्षा बरी वाटतेय. ठोके जरा... ठीक आहे." आणि चहा न घेता निघाली.

शनिवारी सिसी उठून मागच्या खोलीपर्यंत चालत गेली. रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली. ती किंचाळेल, मला शिव्या देईल, माझ्या तोंडावर काही फेकेल, याची मी वाट बघत होते.

"त्यांना थंडी वाजली का?" तिनं विचारलं.

"नाही," मी खोटं बोलले.

"मला त्यानं विचारलं होतं, कुणाला उबेत ठेवू म्हणून. मी पाखरांचं नाव सांगितलं होतं. एकाहत्तर वर्षं झाली माझी, झोलेका, बास होती." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तू मध्ये पडलीस. आता मला उठवत नाही त्याच्याखालून."

त्यानंतर ती आपल्या खोलीत परत नेलेल्या खाटेवर गेली. त्या दिवसापासून ती जेवायला आणि न्हाणीघरात जायला तेवढी उठते.

७

आता ऑगस्ट संपत आलाय. गावात पीचची झाडं फुलायला लागलीत, पण आमच्या घरात ओल आहे आणि गारठा आहे. सिसीच्या खोलीत नाही. तिथे मी हीटर ठेवलेला नाही. दार उघडलं की अंगावर ऊब येते, ओलसर, दाट. खाटेवर सिसी एका कुशीवर पडलेली असते, भिंतीकडे पाठ करून, कशाला तरी रेलून. एका बाजूचे केस चपटे झालेत. चेहरा सुखाचा आहे. लहानपणानंतर मी तिला असं सुखात बघितलेलं नाही.

मी नर्सला परत बोलावलं नाही. काय सांगणार? बाई निरोगी आहे, तक्रार नाही. ऊम फ्लोरिस फाटकाशी येतो, विचारपूस करतो, आत येत नाही. "तू माझ्याकडे राहायला ये," तो मागच्या आठवड्यात म्हणाला. "कुत्र्याला सांगेन, जागा दे म्हणून." मी हसले. येते म्हटलं. अजून गेले नाही. बहिणीला टाकून कशी जाऊ, असं मी त्याला सांगते, आणि ते खरंही आहे.

रोज संध्याकाळी मी तिचं ताट घेऊन दारात उभी राहते. माझी बोटं सुजलेली असतात गारठ्यानं. ती डोळे उघडते आणि माझ्या हातांकडे बघते.

"किती गारठलीयस," ती म्हणते. मग गोधडीचा कोपरा वीतभर उचलते. "ये. जागा आहे."

मी ताट खाली ठेवते, नको म्हणते आणि दार ओढून घेते. काल ताट ठेवून मी उभी राहिले, नको म्हणाले, आणि पायांना काहीतरी वेगळं लागलं म्हणून खाली बघितलं. माझे जोडे दाराबाहेर होते, व्यवस्थित, एकाला एक लावून. मी ते केव्हा काढले मला आठवत नाही. मी उंबऱ्याच्या आत उभी होते, अनवाणी, आणि फरशी कोमट होती.